रंगीत लेन्स आणि डोळ्यांचा मूळ रंग: तुमचं कसं जमलं, कुठे फसलं?

माझे डोळे गडद तपकिरी आहेत. इतके गडद, की भर उन्हात कुणी अगदी जवळून पाहिलं तरच ते काळे नाहीत हे कळतं. अशा डोळ्यांवर मी पहिल्याच फटक्यात निळ्याशार लेन्स चढवल्या. खोक्यावरच्या मॉडेलला त्या अशा काही शोभत होत्या की बाकीच्या रंगांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. घरी आरशासमोर उभी राहिले तर चेहरा माझा आणि डोळे भलत्याच कुणाचे. पाच वर्षांची भाची धावत आली, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "मावशी, तू आत आहेस ना?"

त्या लेन्स मी एकूण दोनदा घातल्या. वर्षभराने पुन्हा खाज आली. या वेळी आधी डोळे तपासून घेतले आणि चार रंग एकामागून एक, एकाच डोळ्यात घालून पाहिले. एक डोळा माझा, एक लेन्सचा. त्या दिवशी शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. दोन्ही डोळ्यांत लेन्स घातल्या की आपली नजर दोन मिनिटांत सरावते आणि मग सगळंच बरं दिसायला लागतं. एकाच डोळ्यात असली की मूळ रंग शेजारी साक्षीला उभा असतो. मधाच्या रंगाची लेन्स उजव्या डोळ्यात असताना सोबत आलेल्या बहिणीला विचारलं, काय वेगळं दिसतंय? ती म्हणाली, "झोप झालेली दिसतेय तुझी." तीच घेतली.

तर तुमचेही अनुभव येऊ द्या. डोळ्यांचा मूळ रंग, लेन्सचा रंग, जमलं की नाही, सगळं लिहा. फसलेले प्रयोग लाजून लपवू नका, मी माझा आधीच सांगून टाकला आहे.

* * *

मी डोळे तपासण्याच्या आणि लेन्स बसवून देण्याच्या कामात आहे, म्हणून थोडं पडद्यामागचं सांगते.

"काळ्या डोळ्यांवर हा रंग दिसेल का?" हा प्रश्न मला रोज येतो. त्याचं उत्तर रंगापेक्षा लेन्स कुठल्या जातीची आहे त्यावर जास्त अवलंबून असतं. साध्या नंबरच्या लेन्सलाही कधीकधी फिकट निळसर झाक असते. ती डबीतल्या पाण्यात लेन्स सापडावी एवढ्यासाठीच, डोळ्यात गेली की नाहीशी होते. दुसरी जात पारदर्शक रंगाची. ती मूळ रंगाला उठाव देते, म्हणजे निळे डोळे आणखी निळे, हिरवट डोळे आणखी हिरवे. गडद तपकिरी डोळ्यांवर ती घालणं म्हणजे काळ्या पाटीवर जलरंग लावणं. अनेकांचे पैसे इथेच बुडतात. तिसरी जात अपारदर्शक छपाईची. गडद डोळ्यांचा रंग खरोखर बदलायचा तर हीच लागते.

ही तिसरी लेन्स भिंगाखाली धरून बघा. एकसलग रंग कुठेच नसतो. बारीक ठिपके आणि रेघोट्यांची जाळी असते, मध्ये बाहुलीसाठी पारदर्शक भोक. जाळीतल्या मोकळ्या जागांतून आणि भोकाच्या कडेने तुमचं स्वतःचं बुबुळ डोकावत राहतं. म्हणून एकच "ग्रे" दोन मैत्रिणींच्या डोळ्यांत दोन रंगांची दिसते आणि दोघी मला येऊन विचारतात, वेगवेगळी दिलीत का.

चांगल्या लेन्समध्ये रंगाचे दोन-तीन थर असतात. बाहेरची गडद कडा, मधला मुख्य रंग आणि बाहुलीजवळ पिवळसर किंवा तपकिरी झाक. तपकिरी डोळ्यांसाठी लेन्स निवडताना मी आधी ही आतली झाक बघते. ती तुमच्या तपकिरीत विरघळली तर बाहेर हिरवा असो की करडा, निभावून जातं. ती नसेल तर बाहुलीभोवती तुमच्या मूळ रंगाचं कडं वेगळं उठून दिसतं आणि समोरच्याला काहीतरी खटकतं, काय ते मात्र सांगता येत नाही.

नंबर शून्य असला तरी मोजमाप लागतंच. लेन्सचा वक्र साधारण 8.4 ते 8.8 मिलिमीटर आणि व्यास 14 ते 14.5 च्या आसपास असतो. हे आकडे डोळ्याशी जुळले नाहीत तर लेन्स एक तर घट्ट बसते किंवा पापणी मिटली की घसरते. घसरली की रंगाचं भोक बाहुलीवरून सरकतं. मग नजरेत रंगाची कड येते आणि समोरच्याला डोळा तिरळा वाटतो. रंग कितीही जुळवा, मापात फसलात तर व्यर्थ आहे.

* * *

माझं सगळं उलटं. मी जन्माची घारी. शाळेत मांजर, घारूताई, अजून काय काय. वर्गातल्या मुलींना माझे डोळे हवे होते आणि मला त्यांचे.

पहिल्या पगारात गडद तपकिरी लेन्स आणल्या. वाटलं होतं आता चारचौघींसारखी दिसेन. दिसले कशी, तर टेडी बेअरसारखी! कोटाची बटणं शिवल्यासारखे दोन गोल, सपाट, खोली म्हणून नाही. पुढे कुणीतरी समजावलं की फिकट डोळ्यांवर गडद रंग चढायला सोपा, म्हणूनच तो चटकन जास्त होतो. नैसर्गिक तपकिरी डोळाही नीट पाहिला तर एकरंगी नसतो, त्यात तांबूस रेघा असतात, बाहुलीभोवती किंचित उजळ असतो. तेव्हापासून ज्या लेन्सची छपाई जितकी "घाण", म्हणजे वेडीवाकडी आणि ठिपक्यांची, तितकी ती मला आवडते.

नंतर सहज म्हणून ती पारदर्शक हिरवी झाकवाली घातली. माझे मूळ डोळे करडे-हिरवे. आई म्हणाली, लहानपणी तुझे डोळे असेच होते. आता वर्षातून दोन-चार वेळा तीच घालते. गडद व्हायचा नाद सुटला.

* * *

वरच्या ताई, घाऱ्या डोळ्यांवरून आठवलं. निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतोच, हे वाचलं तेव्हा मी चाट पडलो होतो. माणसाच्या बुबुळात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य असं काही नसतं. मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य भरपूर असलं की डोळा तपकिरी. अगदी कमी असलं की आत शिरणारा प्रकाश विखुरतो आणि डोळा निळा भासतो. आकाशही काहीसं याच कारणाने निळं दिसतं. म्हणूनच असे डोळे ढगाळ दिवशी करडे आणि उन्हात निळे दिसतात. छापील निळा तसं काही करत नाही, तो सकाळी जेवढा निळा तेवढाच संध्याकाळी. निळ्या लेन्स पटकन ओळखू येतात त्याचं निम्मं कारण हे असावं, असा आपला माझा तर्क.

* * *

माझा अनुभव रंग जमल्याचा आणि रात्र फसल्याचा.

चष्म्याचा नंबर उणे 6. लेन्स करताना तो उणे 5.50 झाला. मला वाटलं, चुकून कमी दिला. मग समजलं की चष्म्याची काच डोळ्यापासून सव्वा सेंटिमीटरभर लांब असते आणि लेन्स डोळ्याला चिकटून, म्हणून मोठ्या नंबरात हा फरक करावाच लागतो. ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी चष्म्याच्या चिठ्ठीवरून परस्पर रंगीत लेन्स मागवू नयेत. माझ्या चुलतभावाने मागवल्या आणि आठवडाभर डोकं धरून बसला.

डोळे गडद तपकिरी, लेन्स हेझल, म्हणजे हिरवट झाक असलेली फिकट तपकिरी. दिवसा एकदम झकास. जाड उणे काचेमागे डोळे बारीक दिसायचे, ते एकदम मोठे झाले. निम्मं कौतुक त्याचंच होतं, श्रेय मात्र हेझलला मिळालं. रात्री गाडी चालवायला बसलो आणि समोरच्या दिव्यांभोवती धुरकट वलयं. लेन्स पुसू पुसू थकलो. घाण नव्हतीच. अंधारात बाहुली मोठी होते, लेन्समधलं पारदर्शक भोक आहे तेवढंच राहतं, आणि रंगाची जाळी बाहुलीच्या कडेवर येते. तरुण माणसाच्या बाहुल्या अंधारात जास्त उघडतात, म्हणजे हा त्रासही त्यांनाच जास्त. त्या रात्री बायकोने गाडी चालवली. आता रंगीत लेन्स फक्त दिवसा, रात्रीसाठी बिनरंगी किंवा चष्मा.

* * *

मी थोडक्यात सांगते कारण आठवलं तरी डोळ्यात पाणी येतं.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिघींनी मिळून एक हिरवी जोडी वापरली. आधी एका मैत्रिणीने, मग मी, मग तिसरीने. मध्ये नळाखाली धुतली. आम्हाला वाटलं, धुतली म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी मला उजेड सहन होईना, डोळा टोमॅटोसारखा लाल, आत काच खुपल्यासारखं. डॉक्टरांनी कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम आहे म्हणून सांगितलं आणि औषधाचे थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा. नजर वाचली, पण त्या डोळ्याला आजही दिव्याभोवती किंचित तारे दिसतात.

नळाच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, तो लेन्सला चिकटून डोळ्यात जातो आणि त्याच्यावरचे उपचार महिनोन्महिने चालतात, हे मला नंतर कळलं. माझं त्या मानाने स्वस्तात सुटलं. लेन्स घालून पोहणं नाही, अंघोळ नाही, आणि कुणाची कितीही जिवलग असली तरी तिची लेन्स आपल्या डोळ्यात नाही. हिरवा रंग मला शोभत होता की नाही, खरंच आठवत नाही.

* * *

नाटकात काम करतो. हौशीच, पण वीस वर्षं झाली.

एका भूमिकेसाठी दिग्दर्शकाला "थंड डोळे" हवे होते. फिकट करड्या लेन्स आणल्या. आरशात जबरदस्त दिसत होत्या. रंगीत तालमीला दिग्दर्शक शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि तिथून ओरडला, "तुला बुबुळंच नाहीत!" मंचावरचे दिवे वरून तोंडावर, बाहुल्या आकसून टिंबाएवढ्या, आणि फिकट करडा रंग डोळ्याच्या पांढऱ्यात मिसळून गेला. लांबून आंधळा दिसत होतो.

मग तशाच करड्या, पण कडेला ठळक काळं कडं असलेल्या मिळाल्या. एवढ्या एका कड्याने काम केलं. ते बुबुळ कुठे संपतं हे लांबूनही दाखवतं. पण त्याच लेन्स घालून प्रयोगानंतर लोकांना भेटायला गेलो तर समोरचे दचकत होते. लेन्स कुणी किती अंतरावरून बघणार, हा प्रश्न रंगाच्याही आधीचा आहे. घरातल्या आरशापासून आपण वीतभर अंतरावर उभे असतो, आणि तेवढ्या जवळ आयुष्यात फार थोडी माणसं येतात. मी आता लेन्स घालून मोबाइल हातभर लांब धरतो, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. गप्पा मारताना माणसं साधारण तेवढ्याच अंतरावर असतात.

* * *

हातभर अंतराचं पटलं. खिडकीचंही. मी निवडलेली मधाळ लेन्स ट्यूबलाइटखाली मला हिरवट वाटली होती, दारात येऊन पाहिली तेव्हा खरी कळली. (पहिल्या पोस्टवाली मीच.)

एक विचारायचंय. उबदार वर्णाला हनी, थंड वर्णाला ग्रे, मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघा, असले तक्ते सगळीकडे फिरत असतात. कुणाला खरंच उपयोग झालाय का?

* * *

मला नाही झाला. शिरा एका मनगटावर हिरव्या, दुसऱ्यावर जांभळ्या! मेकअप करून देते, रोज नव्या चेहऱ्यांशी गाठ पडते, त्यावरून सांगते: त्वचेपेक्षा भुवया आणि केसांकडे बघा. भुवया काळ्याभोर आणि दाट असतील तर त्यांच्याखाली फिकट पाण्याचा रंग एकटा पडतो. तिथे ऑलिव्ह हिरवा, अक्रोडी, गडद करडा असे रंग टिकतात. केसांना तांबूस रंग लावला असेल तर हेझल आणि मधाळ आपोआप जुळतात. गडद तपकिरी डोळ्यांना पहिल्यांदाच रंग द्यायचा असेल तर एकच पायरी वर जा, फार तर दोन. काळसर तपकिरीवरून अक्रोडी, तिथून हेझल, तिथून ऑलिव्ह. थेट निळ्यावर उडी मारली की हात दाखवून अवलक्षण.

बाकी माझा राग आहे तो काजळावर. लेन्स आधी, मेकअप नंतर. काढताना लेन्स आधी काढायची, मेकअप नंतर. आणि काजळ पापणीच्या आतल्या कडेला नको, ते थेट लेन्सवर उतरतं. एकीच्या करड्या लेन्सवर संध्याकाळपर्यंत काळा तवंग आला होता, ती म्हणत होती रंग जातोय. लेन्सचा रंग काही जात नव्हता, तिच्या काजळाने जागा बदलली होती. लेन्स हाताळण्याआधी तेलकट साबण किंवा हाताचं क्रीमही नको. बोटाचा ठसा लेन्सवर उमटतो आणि दिवसभर धुक्यात वावरल्यासारखं होतं.

* * *

मी अठ्ठावन्न वर्षांची. या वयात रंगीत लेन्स म्हटल्यावर मुलगा हसला, सून आली बरोबर.

तरुणपणी माझ्या बुबुळाची कड काळी, रेखीव होती. आता तिथे राखाडी कडं आलंय. डॉक्टर म्हणाले, वयाने येतं, कॉर्नियाच्या कडेला चरबीचा थर साठतो, नजरेला त्याने काही होत नाही. मला काही हिरवं-निळं करायचं नव्हतं. गडद कडेची, जवळजवळ माझ्याच तपकिरी रंगाची लेन्स घातली आणि ती पुसट कड झाकली गेली. लोकांना फरक कळला, रंग कळला नाही. पण डोळे कोरडे पडतात, चार तासांवर नाही घालवत. छपाईच्या पुष्कळ लेन्समधून प्राणवायूही कमी मिळतो म्हणे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो बराचसा प्राणवायू हवेतूनच घेतो. त्यामुळे एक दिवस वापरून टाकायच्या लेन्स घेते, डबी नको, द्रावण नको. आणि वाचायला वरून चष्मा आहेच, म्हणजे सगळी मजाच.

* * *

इथे सगळे रंग बदलण्याबद्दल लिहीत आहेत. मला तोच रंग हवा होता.

लहानपणी खेळताना डाव्या डोळ्यात काडी गेली. नजर गेली आणि बुबुळावर पांढरा डाग राहिला. समोरचा माणूस बोलताना कुठल्या डोळ्याकडे बघायचं ते ठरवत असतो, त्या एका क्षणाची मला इतकी सवय होती की तो मी मोजायचो. तिशीत कुणीतरी सांगितलं की अशा डोळ्यासाठी हाताने रंगवलेली लेन्स मिळते.

वाटलं होतं, तपकिरी म्हणजे तपकिरी, तासाभराचं काम. तीन फेऱ्या झाल्या. करणाऱ्याने मला खिडकीपाशी बसवलं, दिवे बंद केले आणि माझ्या उजव्या, चांगल्या डोळ्याशेजारी नमुन्याच्या लेन्स धरत गेला. पहिली लालसर. दुसरी ठीक, पण संध्याकाळी काळी पडली. मला तोवर ठाऊकच नव्हतं की माझ्या तपकिरीत बाहुलीजवळ सोनेरी जास्त आहे आणि बाहेरची कड गडद. त्याने एक शब्द न बोलता तसं रंगवलं. मग बाहुलीचा प्रश्न. खरी बाहुली उजेडात लहान, अंधारात मोठी होते. रंगवलेली एकाच मापाची राहणार. "तुम्ही लोकांना जास्त कुठे भेटता, घरात की उन्हात?" असं त्याने विचारलं. मी कार्यालयात काम करतो म्हटल्यावर मधलं माप धरलं. कडक उन्हात अजूनही माझ्या दोन बाहुल्या सारख्या नसतात, तिथे गॉगल.

तिसऱ्या फेरीला तो भिंग लावून उजवा डोळा बघत होता. म्हणाला, घड्याळात सात वाजतात त्या जागी तुमच्या बुबुळात एक बारीक काळा तीळ आहे. मी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. होता. तीस वर्षं एकाच डोळ्यावर जगलो आणि त्यातला तीळ मला माहीत नव्हता. म्हटलं, मग डाव्यालाही घाला ना.

तो हसला. म्हणाला, मऊ लेन्स डोळ्यात फिरते. सकाळी सातला असलेला तीळ दुपारी दहावर गेलेला असेल, आणि रोज वेगळ्या वेळी. तीळ राहू दिला.